छत्तीसपैकी सहा

…आणि मी बाहेर पडल्यावर त्यांनी दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला नाही, यावरून अजून आशा आहे असं मी धरते. कॉरिडॉरमध्ये एक लांब बाक आहे, समोर पाण्याचा फिल्टर आहे आणि फिल्टरच्या वर ‘शांतता राखा’ अशी पाटी आहे. त्या पाटीखाली बसून मी हे लिहिते आहे. मला परीक्षेतून बाहेर काढलं ते त्याच कारणासाठी, मी शांतता राखली नाही. (तुम्हाला फोनच करणार होते, पण पाटी.) कागद म्हणून गणिताच्या वहीची शेवटची पानं फाडली आहेत. पाठीमागे काही आकडेमोड दिसेल, तिकडे लक्ष देऊ नका. (द्याल, मला माहीत आहे. तिसऱ्या पानामागचं चुकलं आहे, हेही मला माहीत आहे.)

नमस्कार राहिला. तीर्थस्वरूप मामा, तुम्हाला आणि मामींना बाकावर बसून जेवढं वाकता येतं तेवढं वाकून नमस्कार. तुमचं ब्लडप्रेशर, मामींचा गुडघा आणि गच्चीतल्या कुंड्या, तिन्हींची खुशाली कळवावी. आई बरी आहे. या प्रकरणाबद्दल ती मला काहीही विचारत नाही. फक्त रोज सकाळी विचारते, आज काय विचारायचं नाही ते सांगून ठेव.

प्रकरण असं की मी बिझनेस स्कूलला अर्ज केला आहे. हे वाक्य मी आतापर्यंत चार जणांना सांगितलं. चौघांनीही आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग आजूबाजूला आणखी कोणी ऐकतंय का ते पाहिलं. तुम्ही पाचवे. तुमचा धक्का मला सगळ्यांत जास्त समजू शकतो, कारण नववीच्या सुट्टीत तुम्ही मला अकरा दिवस बीजगणित शिकवलं होतं. बाराव्या दिवशी तुम्ही आईला म्हणालात, हिला भाषा द्या. डॉक्टरनं गोळी लिहून द्यावी तसं म्हणालात. त्या एका वाक्यावर मी बी.ए. झाले, एम.ए. झाले आणि गेली बारा वर्षं नाटक कंपनीत प्रॉम्प्टर आहे, म्हणजे विंगेत बसून नटांना विसरलेली वाक्यं सांगते. राग नाही. तुमचं निदान तेव्हा बरोबरच होतं. तुम्ही क्ष शोधायला सांगत होतात आणि मी विचारत होते की त्याला सापडायचं नसेल तर आपण त्याच्या मागे का लागावं.

बिझनेस स्कूल कशासाठी, तर आमच्या व्यवस्थापकांमुळे. ते मालकांचे मेहुणे. (मालकांच्या पत्नीचे धाकटे भाऊ. ही त्यांची नेमणुकीच्या वेळची एकमेव पात्रता, आणि ती अजून टिकून आहे.) गेल्या हंगामात त्यांनी एकाच संध्याकाळी, एकाच थिएटरात, आमचीच दोन नाटकं लावली. दोन्हींत थोरल्यांचं काम. थोरले म्हणजे आमचे एकाहत्तर वर्षांचे मुख्य नट. त्यांचं नाव घ्यायची कंपनीत कोणाची हिंमत होत नाही, म्हणून सगळे थोरलेच म्हणतात. दारात दुप्पट माणसं उभी. मेहुणे कोपऱ्यात जाऊन घाम पुसत होते. मी निम्म्या लोकांना साडेपाचची वेळ दिली, निम्म्यांना साडेनऊची, आणि ज्या नाटकात थोरले दुसऱ्या अंकातच मरतात ते आधी लावलं, म्हणजे त्यांना तिसऱ्या अंकाचा वेळ विश्रांतीला मिळाला. मालकांनी हे विंगेतून पाहिलं. दुसऱ्या दिवशी मला बोलावून म्हणाले, मेहुणे दोन वर्षांनी निवृत्त होताहेत, शिकून आलीस तर ती खुर्ची तुझी. न शिकता द्या की, असं मी म्हटलं. तर म्हणाले, “न शिकता दिली तर मला घरात कोण घेईल, तू?”

म्हणून अर्ज. संध्याकाळचा वर्ग, सहा ते नऊ, दोन वर्षं, नोकरी करणाऱ्यांसाठी. अर्जात एक रकाना होता, ‘पदवीपर्यंत गणित घेतले होते काय’. मी ‘नाही’ लिहिलं. त्याखाली ‘असल्यास तपशील’ म्हणून पाच ओळी मोकळ्या सोडल्या होत्या. त्या पाच मोकळ्या ओळींकडे मी बराच वेळ पाहत बसले. ज्यांनी ‘नाही’ लिहिलं त्यांच्यासाठी सहा आठवड्यांचा तयारीचा वर्ग, मग लेखी, मग तोंडी. त्यात पास झाले तर प्रवेश, नाही तर पुन्हा नाटक कंपनी आणि मेहुणे.

मी गणिताचं पुस्तक आणलं आणि मला जे एक काम येतं ते केलं: नाटकासारखं पाठ केलं. उदाहरण हे एका पात्राचं बोलणं, उत्तर हे दुसऱ्याचं. दोन आठवड्यांत एकशे बारा पानं, कंसांसकट. वर्गाला शिकवणाऱ्या बाई माझ्याहून दहा वर्षांनी लहान आहेत आणि सतत पेन्सिल चावतात. पहिल्या चाचणीत त्यांनी पुस्तकातलंच उदाहरण घेतलं, फक्त पाचाच्या जागी सात घातले. मी पाचाचं उत्तर ठणठणीत आवाजात देऊन खाली बसले. बाईंनी तोंडातली पेन्सिल काढली आणि म्हणाल्या, तुम्हाला गणित पाठ आहे, येत नाही. (मामा, अकरा दिवसांत तुम्हाला जे एवढं नेमकं सांगता आलं नाही ते त्यांनी एका ओळीत सांगितलं. वाईट वाटून घेऊ नका.) मग त्यांनी विचारलं, तुमच्याकडे स्वतःचं असं मोजण्यासारखं काही आहे का?

होतं. प्रॉम्प्टरच्या वहीत नट जिथे अडतो तिथे पेन्सिलीनं एक ठिपका द्यायचा असतो, म्हणजे पुढच्या प्रयोगाला आपण सावध. बारा वर्षांचे ठिपके माझ्याकडे पडून होते. बाईंनी वही पाहिली आणि त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं, यांना आता ही वही घरी न्यायची आहे. आम्ही थोरल्यांचे शेवटचे चाळीस प्रयोग घेतले. ठिपके मोजले, सरासरी काढली: प्रयोगाला नऊ. मग त्या म्हणाल्या, शेजारी दुसरं काहीतरी मांडा. त्या संध्याकाळी थिएटर किती भरलं होतं ते मी मांडलं. आलेख काढला. माणसं जितकी जास्त तितके ठिपके कमी. मामा, मी पैजेवर सांगितलं असतं की गर्दी पाहून ते गडबडतात. बारा वर्षं त्यांच्यापासून दहा फुटांवर बसून मला जे दिसलं नव्हतं ते चौकटीच्या कागदावर एका तिरप्या रेषेनं सांगितलं. मी वर्गात मोठ्यानं हसले. बाईही हसल्या. माझ्या शेजारी एक नर्स बसते, तिनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, थोरल्यांना रिकाम्या खुर्च्यांची भीती वाटते. ती म्हणाली, “अहो, कोणाला नाही वाटत?” पण तिला ते माहीत होतं आणि मला ते सिद्ध करता येत होतं. हा फरक मला त्या दिवसापासून आवडतो.

ही गोष्ट थोरल्यांना सांगायला नको होती. मी आलेखासकट सांगितली. ते तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. प्रयोगात अडले तरी माझ्याकडे पाहिलं नाही. दोनदा स्वतःचंच वाक्य रचून पुढे गेले. (त्यातलं एक मुळापेक्षा बरं होतं. आम्ही ते ठेवलं आहे.) चौथ्या दिवशी रंग पुसता पुसता आरशातूनच म्हणाले, “आजचा आकडा?”

“सात.”

“आणि थिएटर?”

“पाऊण भरलं होतं.”

“मग तुझ्या रेषेत बसतंय.” आणि खूश होऊन त्यांनी दुसरा गाल पुसायला घेतला.

मग मी त्यांना संध्याकाळच्या वर्गाचं सांगितलं. तोवर त्यांना वाटत होतं की हे सगळं सकाळी असतं. ते म्हणाले, “जा, शीक. मी घरी बसेन.” ‘शीक’ आणि ‘घरी बसेन’ यांच्यामध्ये श्वासाएवढीही जागा नव्हती. मी म्हटलं, घरी कशाला, दुसरा प्रॉम्प्टर मिळेल की. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी टॉवेल आणून दिला. दोन माणसं आजमावून पाहिली. पहिली अभिनय करून सांगायची. थोरले म्हणाले, हिला माझी भूमिका हवी आहे. दुसऱ्याचा आवाज इतका स्वच्छ की तिसऱ्या रांगेतल्या एका गृहस्थांनी ‘ऐकू आलं’ म्हणून हात वर केला. पुढच्या चार महिन्यांत बावीस प्रयोग ठरले आहेत. मला प्रवेश हवा आहे, मामा, खूप हवा आहे. पण एकाहत्तराव्या वर्षी एक माणूस माझ्या प्रवेशामुळे घरी बसला तर त्या बिझनेस स्कूलात मी मन लावून काय शिकणार, हेही मला कळत नाही.

लेखी कशीबशी सुटले. तर आजची तोंडी परीक्षा. आत एक टेबल, पलीकडे प्रवेशप्रमुख आणि आमच्या बाई, अलीकडे दोन खुर्च्या. एका वेळी दोघांना घेतात. नर्स आणि मी एकत्र आलो. प्रमुख सभ्य गृहस्थ आहेत. प्रश्न कागदावरून वाचतात आणि वाचताना चष्मा दोनदा बदलतात. पहिली पाळी नर्सची. दोन फासे टाकले तर बेरीज दहा किंवा त्याहून जास्त यायची शक्यता किती? ती म्हणाली, एकूण प्रकार छत्तीस. छान. मग म्हणाली, छत्तीसपैकी. आणि थांबली.

इथे माझ्या धंद्याचं थोडं सांगायला हवं. नट अडतो तेव्हा आधी त्याचा श्वास वर अडकतो, मग डावा हात जरा उघडतो, आणि मग डोळे कुठेच पाहत नाहीत. हे तीन झाले की प्रॉम्प्टर विचार करत नाही. विचार केला तर उशीर होतो. ओठ न हलवता, खालच्या सपाट आवाजात, पहिला एक शब्द सोडायचा. नर्सचा श्वास अडकला, डावा हात उघडला, डोळे गेले.

“सहा,” मी म्हटलं.

ती पट्टीच्या नटीसारखी तिथूनच पुढे गेली. सहा, म्हणजे एक षष्ठांश. प्रमुखांनी खिडकीकडे पाहिलं. बाईंनी पंख्याकडे पाहिलं. (चांगल्या प्रॉम्प्टरचा आवाज कुठून आला ते कळत नाही. मला क्षणभर अभिमान वाटला आणि मग भानावर येऊन घाम फुटला.) प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण प्रमुखांनी पुढचा प्रश्न घेतला, एका पेटीत पाच लाल आणि, एवढं वाचलं आणि पान उलटलं. पुढचं पान त्यांना सापडेना. त्यांचा श्वास अडकला. डावा हात उघडला.

“तीन निळे,” मी म्हटलं.

“तीन निळे चेंडू आहेत,” ते म्हणाले, “त्यांतून दोन चेंडू काढले असता…” आणि तिथे त्यांच्या लक्षात आलं.

आत्ता दार उघडलं, मला आत बोलावताहेत. बाकीचं घरून लिहिते.

घरी आले, चहा घेतला. आईनं काही विचारलं नाही. फक्त माझ्यासमोर बसून राहिली. आत काय झालं ते सांगते. प्रमुख म्हणाले, हे दुसऱ्याला उत्तर सांगणं आहे, अर्ज रद्द करावा लागेल. मी म्हटलं, चूक माझी, तिची नाही. त्यावर नर्स मध्येच उठली आणि म्हणाली, मला येतच होतं, मी फक्त श्वास घेत होते! मामा, अर्ज गेला असता तरी चाललं असतं, पण बारा वर्षांत मला श्वास घेणं आणि अडणं यांतला फरक कळत नाही असं कोणी म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, तुमचा डावा हात उघडला होता. ती म्हणाली, माझा हात कायम तसाच असतो. आम्ही दोघी तिच्या हाताकडे पाहू लागलो. प्रमुख म्हणाले, बायांनो, मुद्द्यावर या.

मुद्दा हा की पेटीचं उदाहरण मी न वाचताच पुढे सांगितलं, म्हणजे मला पुस्तक पाठ आहे. आणि ज्याला पुस्तक पाठ आहे त्याला गणित येतं हे कशावरून? हे अगदी बाईंचंच म्हणणं. मग आठवलं. मी म्हटलं, साहेब, फाशांचं पुस्तकात नऊ आहे. ते म्हणाले, काय नऊ? मी म्हटलं, पान एकाहत्तर, बेरीज नऊ किंवा जास्त, उत्तर छत्तीसपैकी दहा. तुम्ही दहा विचारलंत. त्याचं उत्तर पुस्तकात कुठेच नाही. बाईंनी पुस्तक उघडलं. पान एकाहत्तर. नऊ. प्रमुखांनी चष्मा बदलून पाहिलं, मग दुसरा लावून पाहिलं. आमच्या बाई पेन्सिल तोंडात धरून, अगदी न हसता, माझ्याकडे पाहत होत्या. म्हणजे, मामा, त्या क्षणी मलाही पहिल्यांदाच कळलं. मी सहा हा आकडा आठवला नव्हता. मी तो मोजला होता. सहा-चार, पाच-पाच, चार-सहा, सहा-पाच, पाच-सहा, सहा-सहा. नर्सच्या एका श्वासाच्या वेळात, काही न ठरवता. रस्त्यानं घरी येताना मी ते पुन्हा पुन्हा मोजत होते आणि दरवेळी सहाच येत होते, आणि मला इतका आनंद झाला की मी माझ्या घरावरून पुढे गेले.

निर्णय असा: उद्या सकाळी साडेआठला मी एकटीनं जायचं. नवे प्रश्न, पुस्तकाबाहेरचे. आणि बोलायचं फक्त स्वतःच्या पाळीला. नर्सला पेटीचा प्रश्न दिला, तो तिनं कोणाच्या मदतीशिवाय सोडवला आणि जाताना मला हात दाखवून गेली. उघडाच होता.

तुम्ही काळजी करू नये. औषधं वेळेवर घ्यावीत, कुंड्यांना मामींनी घातलेल्या पाण्यावर पुन्हा पाणी घालू नये. लहानपणीच्या अकरा दिवसांबद्दल मनापासून आभार. ते फुकट गेले असं मला आज पहिल्यांदा वाटत नाही.

तुमची भाची

ता. क. अर्जाला ‘उमेदवाराच्या गणिताशी परिचित व्यक्तीचे पत्र’ जोडायचं होतं. तुम्ही हे वाचता वाचता पेन शोधायला उठला असाल तर बसा. ते आज परीक्षेनंतर बाईंनी दिलं. त्यांनी लिहिलं आहे की उमेदवाराला आता पाठ न केलेलंही येतं. तुमच्याकडून ते मागायचा धीर मला झाला नाही, कारण तुम्ही खरं लिहिलं असतं.

ता. क. २ तेव्हा पत्राचं कारण ते नाही. कारण हे: आम्हाला प्रॉम्प्टर हवा आहे. संध्याकाळचा, दोन वर्षांसाठी. मला आठवतं तेव्हापासून तुमच्या घरात कोणीही कुठलंही वाक्य एकट्यानं पूर्ण केलेलं नाही. समोरच्याच्या तोंडात अडलेला शब्द तुम्ही त्याच्याआधी सांगता, आणि तो बहुधा बरोबर असतो. हे दोष म्हणून नाही, पात्रता म्हणून लिहिते. पस्तीस वर्षं फळ्यापाशी अडलेल्या मुलांचे श्वास तुम्ही पाहिले आहेत. शिवाय तुमच्या आवाजात भावना अजिबात नसते. थोरल्यांना नेमका असाच माणूस हवा आहे. नियम दोनच. फक्त पहिला एक शब्द सांगायचा, सगळं वाक्य नाही (इथे तुम्हाला त्रास होईल). आणि मागाहून, हे तुम्हाला यायला हवं होतं, असं म्हणायचं नाही (इथे जास्त होईल). ठिपके मोजायचं काम मात्र पूर्ण तुमचं. आलेख हवे तेवढे काढा, फक्त त्यांना दाखवताना ज्या दिवशी थिएटर भरलेलं असेल तो दिवस निवडा.

ता. क. ३ मामींना मी आधीच विचारलं. मी प्रश्न पूर्ण करायच्या आत त्या हो म्हणाल्या. तालमीच्या दिवशीही न्या म्हणाल्या.

ता. क. ४, दुसऱ्या दिवशी सकाळी. साडेआठला गेले. पाच प्रश्न विचारले. चार आले, पाचव्याला येत नाही म्हणून सांगितलं. प्रवेश मिळाला. वर्ग सोमवारपासून. तिथून थोरल्यांकडे गेले आणि त्यांना तुमच्याबद्दल सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, तुमचा पत्ता विचारला, आणि पत्र टपालात टाकू नकोस म्हणाले. आता ते बूट घालून दारात उभे आहेत, नाटकाची वही त्यांच्या काखेत आहे, आणि हे पाकीट माझ्याकडून घ्यायला त्यांनी हात पुढे केला आहे.